मूठभर राख

शनिवार, १२ ऑगस्ट २००६, वेलिंग्टन

"आपली मुक्ता रडत नाही, हाताला येईल ते फेकते," ती तीन वर्षांची असताना श्रीधर म्हणाला होता.

जपानी सरदाराच्या तरुणपणावरचं एक ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनपट, मुक्ता हल्ली शाळेच्या होमवर्कसाठी बघते, म्हणे. मग एकच प्रसंग पुन्हा पुन्हा कशाला? बापाच्या अंत्यविधीत तो तरुण सरदार मूठभर धूप वेदीवर भिरकावतो. मी खोलीत गेले की डीव्हीडी बंद. "होमवर्क आहे, आई!"

श्रीधरला जाऊन आठ महिने झाले. मंगळवारी त्याच्या फोटोवर उदबत्तीची राख होती. वाऱ्याने उडाली असेल म्हणून पुसली. आज पुन्हा. खिडकी तर बंद होती. आणि राख मूठभर.

उद्या तिला म्हणणार आहे, पुढच्या वेळी मलाही हाक मार, मलाही फेकायचीय. "नो वे, आई," म्हणेल.