स्वयंपाकघरातील फलक

३ जून. सकाळ.
आमचे कुटुंब हवापालटासाठी मेहुणीकडे गेले आहे. शेजारचा शिंपी याला भांडण म्हणतो. त्याला मापे घेता येतात, माणसे ओळखता येत नाहीत. घडले ते एवढेच. मी स्वयंपाकघरात एक फलक लावला. निळी जमीन, पांढरी अक्षरे: ‘चहा सकाळी सहा वाजता मिळेल. विलंब चालणार नाही. आज्ञेवरून.’ उभा जन्म फलक रंगवले, परंतु यापेक्षा सुबक अक्षर हातून उतरले नव्हते. कुटुंबाने फलक वाचला, पिशवी भरली आणि सांगितले, की अहो, आता चहा त्या फलकाकडेच मागा.
संकल्प: प्रथम फोन मी करणार नाही.

४ जून.
सूनबाईंचा चहा साडेसातला. गोड. सहन केला.
नात कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. परीक्षा जवळ आल्याने कराराचा कायदा मोठ्याने वाचते. ऐकून घेतला. सोपा आहे. आमच्या वेळची चौथी म्हणजे आताचे कॉलेजच. एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा. मी म्हणालो, की माझा फलक हाच प्रस्ताव. कुटुंबाने तो मोडला. नात म्हणाली, की नाही हो आजोबा, दुकानाच्या काचेत किंमत लावून ठेवलेली वस्तूसुद्धा ऑफर नसते, ते नुसते आमंत्रण. खरी ऑफर गिऱ्हाईक करते, आणि दुकानदार तिला नाही म्हणू शकतो.
म्हणजे मी आयुष्यभर नुसती आमंत्रणे रंगवली? छपाईची चूक असावी.

५ जून. दुपार.
नातीला वकील नेमले. तिच्यामार्फत फोनवरून प्रस्ताव धाडला: कुटुंबाने रविवारपर्यंत काही न कळविल्यास परत येणे मान्य आहे, असे समजण्यात येईल. (फोन नातीने केला. संकल्प अबाधित.) नात म्हणाली, की असे चालत नाही, समोरच्याचे गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. मी म्हणालो, की या घरात आजवर हाच कायदा चालत आला. ते पलीकडे ऐकू गेले असावे. उलट निरोप आला, की गप्प बसत होते ती माझी सही नव्हती, दमलेली असायचे.
माझ्यापाशी सडेतोड उत्तर होते. परंतु तोवर फोन ठेवला गेला.

६ जून.
आजचा धडा प्रतिफल. नुसत्या वचनाने करार होत नाही. दोन्हीकडून काहीतरी दिले जावे लागते. नातीने विचारले, की आजी परत आली तर चहा तुम्हाला मिळेल, तिला काय मिळेल? मी तात्काळ म्हणालो, की माझा सहवास. नात इतकी हसली, की तिला पाणी द्यावे लागले. मुलगाही हसला. तो एरवी हसत नाही.
विद्यार्थ्यांत गांभीर्य उरलेले नाही.

८ जून, रविवार. सायंकाळ.
निरोप आला नाही. दोन-तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. बिजागरी कुरकुरत होती, ती तपासली.
दुपारी कंबर धरल्याचे सूनबाईंना मोठ्याने सांगितले. त्या वेळी त्या फोनवर मेहुणीशीच बोलत होत्या, हा योगायोग. तासाभरात मुलाबरोबर मलमाची डबी आली आणि निरोप, की मागच्या खेपेला उजवी बाजू धरली होती, या खेपेला नीट लक्षात ठेवून बसा. नात म्हणाली, की आजोबा, खोटे सांगून मिळवलेली संमती कायद्यात टिकत नाही, आजी हवे तेव्हा मोडू शकेल. मी म्हणालो, की आधी मिळू तर दे.
हे वाक्य घाईत बोलले गेले.

९ जून.
कुटुंबाचा उलट प्रस्ताव आला. एक, फलक स्वतःच्या हाताने उतरवावा. दोन, सकाळचा चहा यांनी करावा, दोघांचा. ज्या दिवशी करतील त्या दिवशी मी येते. बोलून दाखवायची गरज नाही. नात खूश. म्हणाली, की काही प्रस्ताव शब्दाने नव्हे, कृतीने स्वीकारले जातात. हरवलेल्या कुत्र्यासाठी कोणी बक्षीस लावले, तर ते कुत्रे आणून दिले, की झाले. मी विचारले, की यात कुत्रे कोण? तिने पुस्तकात तोंड घातले.
प्रस्ताव साफ फेटाळला. एकदा खिळ्यावर चढलेला फलक मी आजवर उतरवलेला नाही. भांडी घासता घासता सूनबाई म्हणाल्या, की बाबा, करार करायला माणूस शहाणासुरता लागतो ना? मग गाडी तिथेच अडायची.
कुटुंबाने कळविले, की माझे बोलणे कायम आहे. घाई नाही, इथे चहा आयता मिळतो.

११ जून.
सूनबाईंनी कुटुंबाची उशी उन्हात टाकली होती. ती आत आणून जागेवर ठेवली. धूळ बसली असती.
संकल्प कायम.

१२ जून. सकाळ.
कोणी उठण्यापूर्वी चहा करून पाहिला. केवळ अभ्यासासाठी, शत्रूच्या अटींत कितपत जोर आहे, हे जाणून असावे. दुधाला झाकण सापडेना. खिडकीत मांजर. हाताशी फलक होता. खिळ्यावरून काढून पातेल्यावर ठेवला. दूध उतू गेले. ‘आज्ञेवरून’ला फोड आले. कप सवयीने दोन मांडले गेले.
तेवढ्यात नात आली. तिने दुधावरचा फलक पाहिला, दोन कप पाहिले आणि फोनकडे धावली. मी बजावले, की हा स्वीकार नव्हे, फलक झाकण म्हणून उतरवला, माझा तसा हेतू नव्हता. ती धावता धावता म्हणाली, की तुमच्या मनात काय होते ते कायदा विचारत नाही, बाहेरून काय दिसते ते बघतो!
बाहेरून फार वाईट दिसत होते.

१३ जून. सकाळी सहा.
कुटुंब काल रात्रीच आले. मी हरलो असे नव्हे. करार झाला, आणि शब्दाचा माणूस करार पाळतो. पाणी, पत्ती, दूध, साखर, सारे बेताने घातले. खिळा रिकामा आहे.
कप हातात दिला. तिने एक घोट घेतला. कसा झाला आहे, म्हणून विचारले. ती काही बोलली नाही.
मौन म्हणजे संमती नव्हे.
उद्या पत्ती थोडी जास्त घालावी.