दुसरी ओळ

काका,

माझ्या हिब्रू स्तोत्रांच्या भाषांतरातली प्रत्येक दुसरी ओळ तुम्ही, संपादक म्हणून, लाल पेनानं खोडलीत. वर समासात लिहिलंत, "तेच ते दळण कशाला?"

दळण नाही ते! हिब्रू कवी पहिल्या ओळीत सांगतो आणि दुसरीत तेच काळजापर्यंत नेतो. मी एकही ओळ गाळणार नाही. हवं तर पुस्तक छापू नका.

काकू गेली त्या सकाळी तुमचा फोन आला होता. "ती गेली," म्हणालात. मग थोडं थांबून, "घरातला आवाज गेला."

तेव्हा मी म्हटलं का, तेच ते दळण कशाला?

हे तुम्हाला फार लागेल, म्हणून पत्र खणात ठेवतेय. हस्तलिखित मात्र सगळ्या ओळींसकट तुमच्या टेबलावर येतंय.

तुमचीच हट्टी पुतणी