दोघी बहिणींचं जमलं

सौ. गिरजा,

खुलताबादला मी बघायला आलो होतो तुझ्या आक्काला, आशाला. शाळेतली कविता म्हणत बसलो, तशी आशा हसत आत पळाली. तू ती शेवटपर्यंत ऐकलीस, म्हणून तुझ्याशी लग्न केलं.

तू वारल्यावरही रोज संध्याकाळी गॅलरीत येऊन बसतेस, त्याची सवय झाली होती. महिन्याखाली आशाही वारली. आता तीही येते.

"पाव्हणं, माझ्यासंगं चला."

"तवा नाय म्हणलीस, आक्का. आता कशाला?"

तुम्ही भांडत होतात तोवर मला इथं राहता येत होतं. आज मात्र दोघी खेटून बसलात. "तिघं मिळूनच जाऊ," आशा म्हणाली, आणि तू उठून माझ्या चपला दाराकडं तोंड करून मांडल्यास.

आपली नात राजनंदिनी क्लासहून येईपर्यंत तरी भांडा.

तुझा, थोडा तिचाही,
कडूबा