घरपट्टीचा ठराव झाला, इस्माईल

प्रिय इस्माईल,

गेल्या आठवड्यात गावाहून जुलेखा वहिनींचा फोन आला. एरवी त्या माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नाहीत. या वेळी म्हणाल्या, "भावजी, ग्रामसभेत घरपट्टीचा ठराव झाला. तुम्ही जवळ आहात. त्यांना कळवा."

जवळ! दम्मामहून तीन तासांवरचं खफजी त्यांना जवळ वाटतं. तरी शुक्रवारी गाडी काढून तुझ्या कब्रस्तानापर्यंत आलो. आत नुसते दगड, नाव एकावरही नाही. कोणत्या दगडाला कळवू? गेलेल्यांशी बोलायचे मंत्र मला पाठ आहेत, पण त्यांत गोत्र सांगावं लागतं. तू गोत्राच्या जागी इथल्या परवान्याचा, इकाम्याचा नंबर दिला असतास! म्हणून हे पत्र.

तू किती चिडला होतास, आठवतं? ग्रामपंचायतीने गावातल्या स्लॅबच्या घरांची पट्टी एका बैठकीत वर नेली. का, तर आखातातला पैसा आहे, भरतील. घरपट्टी सगळ्यात खालच्या दरानेच घ्यावी आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय कधी वाढवू नये, असा ठराव गावकऱ्यांनीच आणायचा, हे डोकं तुझं. अर्ज लिहायला मला बसवलंस. 'उपरिनिर्दिष्ट विषयास अनुसरून सविनय निवेदन' इथपर्यंत वाचून तू चष्मा काढलास.

"भटा, हा अर्ज हाय की सत्यनारायणाची पोथी?"

"सरकारदरबारी असंच लिहितात."

"मग शिरा पण जोडून पाठव."

मग दर शुक्रवारी, नमाज झाली की तू सह्यांसाठी कॅम्प हिंडायचास. फिटर, वेल्डर, क्रेनवाले, टपालाने गाठलेले पार जेद्द्याचे दुकानवाले, आपल्या गावचा एक घरधनी सोडला नाहीस. आणि ग्रामसेवक फोनवर काय म्हणाला? "सह्या राहू द्यात तुमच्याकडे. सभेत हात मोजतात, आणि हात इथे लागतो."

"यल्ला, पुढच्या सुट्टीत सगळे एकदम जाऊ!" तू म्हणालास. एकदम? कोणता कफील, कोणता मालक अख्ख्या गावाला एकदम सोडणार होता रे?

ज्यांचे हात तिथेच होते त्यांना विचारावंसं तुला वाटलं नाही. मी म्हटलं होतं, वहिनींशी बोल. "तिला कशाला? घरचं मी बघतो ना!" तू बघायचास ते फोनच्या पडद्यावर. खाडीकडे एवढी गॅलरी काढलीस, तिथे बसलास किती? गळका नळ बदलायचा तरी आपल्या गावातली बाई आधी दम्मामला विचारते, आणि ह्यालाच आपण घर चालवणं म्हणत आलो.

मग तू गेलास. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ड्युटी संपवलीस, चहाचा कप हातात घेतलास, आणि खलास. निदान चहा तरी पिऊन जायचं होतंस.

पगार थांबला. वाढलेल्या पट्टीसकट ते घर सांभाळणं वहिनींना झेपणार नव्हतं. मुंब्र्याहून त्यांचा भाऊ येऊन सांगून गेला, कुलूप लाव आणि माझ्याकडे चल. त्या नवऱ्यामागच्या इद्दतीत बसलेल्या. ते दिवस सरेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. पण बंदी बाहेर जायला होती, आत यायला नव्हती. गावातल्या बाया भेटायला येत राहिल्या. रडून झालं, चहा आला, की वहिनी प्रत्येकीला विचारायच्या, "सभेला जाशील?"

माझी सुमनही त्यांत होती. म्हणाली, "ह्यांना फोन करून विचारते."

"नको विचारूस. मी जन्मभर विचारलं. आता कुणाला विचारू?"

मला तो फोन आलाच नाही, इस्माईल.

सभेच्या दिवशी इतक्या बाया आल्या की सतरंज्या पुरेनात. सरपंच म्हणाले, "महिलांची सभा वेगळी असते." तुझी रुक्साना खाला उठली. "घरपट्टी वेगळी लावता काय? मग मोजा हात." मोजावे लागले! ठराव झाला. वहिनींचा हात तेवढा त्यांत नव्हता. इद्दतीचे काही दिवस उरले होते. त्या गॅलरीत बसून होत्या आणि बाया खालच्या रस्त्यावरून हाका मारतच आल्या. पट्टी उतरली, आता घराला कुलूप लागणार नाही. भावाला तसं कळवून टाकलंय.

घर राहिलं, पण ज्याने हट्ट धरला त्यालाच हे पत्राने कळवावं लागावं, हे काही बरं नाही.

आता शब्द देतो. हा ठराव फिरवायला कुणीतरी उठेलच. म्हणून पुढची सुट्टी मी आंब्यांच्या दिवसांत घेणार नाही, ग्रामसभा असेल तेव्हा घेईन. बायांच्या मागे, भिंतीला टेकून बसेन. वहिनी बोलायला उभ्या राहिल्या तर एकही शब्द सुचवणार नाही. त्या हात वर करतील, मग मी करीन.

तुझा,
श्रीधर
दम्माम