सासऱ्यांचं नाटक, त्यांच्याच मोबाईलवर

सोमवार, ३ मार्च
शुक्रवारी सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन. आवाज राहीलच असं नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सासऱ्यांची एकच इच्छा: त्याआधी त्यांचं ऑफिसच्या गॅदरिंगमधलं नाटक त्यांच्या मोबाईलवर घालून द्यायचं. ऑपरेशननंतरही तोच मोबाईल उशाशी राहणार.

शूटिंग माझंच, फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर. सासरे त्यात तापट बाप झालेत. ‘आवाज चढवू नका! या घरात आवाज चढवायचा हक्क फक्त माझा!’ या वाक्याला काय टाळ्या पडल्या होत्या!

ही म्हणाली, जमेल ना तुम्हाला? नाहीतर ताईच्या मिस्टरांना सांगते. म्हणजे माझ्या साडूला. मी म्हटलं, फाइल कन्व्हर्ट करणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे.

सोमवार, संध्याकाळ
झाली कन्व्हर्ट. क्वालिटी मॅक्सिमम. सासऱ्यांच्या बाबतीत कंजूषपणा नको. मोबाईलवर लावली. सासरे दारातून आत येतात, थिजतात, एकदम खुर्चीत दिसतात. मधलं चालणं गायब.

ही म्हणाली, चित्र अडकतंय. मी म्हटलं, नवी फाइल आहे, जरा मुरू दे.

मंगळवार, ४ मार्च
मुरली नाही.

निदान: फ्रेम कमी पडतायत. सेकंदाला दुप्पट केल्या. साधा हिशोब आहे. आता सासरे दारातच उभे. बाप ओरडून मोकळा होतो, तोंड मागाहून उघडतं.

साडूचा फोन. हिनेच कळवलं असणार. म्हणाला, मोबाईल जुना आहे, त्याला झेपत नाहीये. चित्राची साइज कमी करा, बाकी कशाला हात लावू नका. मी म्हटलं, बघतो.

बघणार नाही. ज्या माणसाला टीव्हीचा रिमोट मी शिकवला, तो मला शिकवणार?

बुधवार, ५ मार्च
मेमरी कार्डच खराब असणार. नवं आणलं. कार्ड उत्तम आहे. अडकणं तेवढंच.

सासरे आज अ‍ॅडमिट झाले. आवाज आत्ताच घोगरा झालाय. मला बघून म्हणाले, जावईबापू, झालं का हो नाटक? मी म्हटलं, झालंच. का म्हटलं कुणास ठाऊक!

कॉम्प्युटरवर फायलींचा ढीग झालाय, जागा संपली. मूळ फाइल सगळ्यांत अगडबंब. डिलीट केली. कन्व्हर्ट केलेल्या आहेतच की.

गुरुवार, ६ मार्च
ऑफिसला दांडी. जेवण जाईना. उद्या सकाळी ऑपरेशन, आणि सासरे अजून दारातच.

दुपार
सापडलं! चित्र दाखवायचं आणि आवाजही काढायचा, ही दोन कामं त्या बिचाऱ्या मोबाईलला एका वेळी झेपत नाहीत. एक काम कमी करायचं, बस! आवाज काढून टाकला. त्याच फटक्यात चित्राची साइजही कमी केली, पण ती माझी स्वतःची कल्पना.

आणि चाललं! सासरे दारातून आले, पावलं टाकत खुर्चीपर्यंत गेले, बसले. कुठे म्हणून अडकलं नाही. माझे डोळे भरून आले. आधीच्या अडखळणाऱ्या फायली सगळ्या उडवल्या. साडूच्या नजरेला पडायला नकोत.

शुक्रवार, ७ मार्च
वॉर्डात ही, मी आणि साडू. मोबाईल सासऱ्यांच्या हातात दिला. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. मी साडूकडे बघितलं.

सासऱ्यांनी बटण दाबून आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. मग मोबाईल कानाला लावला. ही म्हणाली, आवाज कुठाय? मी दोन कामांचं तत्त्व समजावून सांगायला लागलो. तिचा चेहरा बघून मध्येच थांबलो. साडूने विचारलं, मूळ फाइल? नेमका हाच प्रश्न सुचावा त्याला! धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सासऱ्यांनी नाटक पहिल्यापासून लावलं, उशीला टेकून बसले आणि चित्रातल्या तोंडाबरोबर बोलायला लागले. त्या फाटक्या आवाजात अख्खा प्रवेश! एक शब्द चुकला नाही. शेजारचे पेशंट उठून बसले. आवाज कमी करा, असं सांगायला सिस्टर आत आल्या आणि नेमकं तेच वाक्य आलं: आवाज चढवू नका! या घरात आवाज चढवायचा हक्क फक्त माझा! सिस्टर दारातच उभ्या राहिल्या.

मला हुंदका आवरेना. सासरे म्हणाले, जावईबापू, रडू नका, चित्र छान आहे.

मग त्यांना आत नेलं.

रविवार, ९ मार्च
जिवावरचं टळलं. आवाज मात्र गेला. परत येणार नाही.

साडूने शुक्रवारी आपल्या मोबाईलवर सगळ्याचा व्हिडिओ घेतला होता. मला पत्ताच नाही. तेच त्याने सासऱ्यांच्या मोबाईलवर घालून दिलंय. दिवसभर ऐकतात आणि आवाज न करता हसतात. शेवटचं ‘जावईबापू’ही त्यात आलंय. ते मला दोनदा ऐकवलं. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

नंतर बारकाईने बघितलं. एका जागी चित्र किंचित अडकतंय. सासऱ्यांना म्हटलं, द्या इकडे, घरी नेऊन नीट कन्व्हर्ट करून आणतो.

त्यांनी मोबाईल पांघरुणात ओढून घेतला. अशक्तपणात माणूस जरा संशयी होतो.