डावीकडची खुर्ची

४ मार्च
आज अर्धीच दाढी केली त्यानं. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर साबण तसाच. आरसा समोर, उजेड भरपूर. "झाली," म्हणाला. मी राहिलेली करून दिली. नवऱ्याला मेंदूचा झटका येऊन तीन आठवडे झाले.

५ मार्च
जेवणाचंही तेच. ताटातलं उजवीकडचं संपवतो आणि पोट भरलं नाही म्हणून कुरकुरतो. मी ताट फिरवते — मग उरलेलं खातो, आत्ताच वाढल्यासारखं.

७ मार्च
थेरपिस्ट बाई आल्या होत्या. डोळे ठणठणीत आहेत म्हणाल्या. मेंदूची उजवी बाजू दुखावली की कधीकधी डावीकडे लक्षच वळत नाही. आणि आपलं काही सुटतंय, याचाही माणसाला पत्ता नसतो. 'दुकान' लिहून दिलं, त्यानं 'कान' वाचलं. 'सावकाश'चं 'काश'. बावीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस!

बाईंनी कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. आधी पट्टी शोधायची, मगच वाचायला लागायचं. आपलं लक्ष आपसूक जातं, त्याला दर वेळी ते ओढून न्यावं लागणार.

निघताना मला म्हणाल्या, "तुम्ही उजवीकडे बसणं बंद करा. ताट फिरवू नका. त्यांना शोधू द्या."

८ मार्च
खुर्ची डावीकडे घेतली. तासभर बसले. त्याच्या लेखी मी घरातच नव्हते.

११ मार्च
मला हाक मारतो ती उजवीकडे, दाराकडे बघून. मी इथून ओ देते, तरी दाराकडेच बघतो. हाताच्या अंतरावर बसून नवऱ्याला सापडू नये — रडूही येतं, हसूही. आज पट्टी पाचदा सापडली. घामाघूम झाला होता. नुसतं लक्ष देणं एवढं अंगमेहनतीचं असतं?

१४ मार्च
दुपारी ताई आली, त्याची थोरली बहीण. त्याच्या उजवीकडे बसली. मी माझ्या खुर्चीत. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि तो अचानक सांगायला लागला — झटक्याच्या आठ दिवस आधी शिडीवर असताना डावा हात बधिर झाला, रंगाचा डबा सुटून खाली पडला. अर्ध्या तासात हात पुन्हा चालायला लागला. तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता, हे आता कळतंय त्याला.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी खोकायला हवं होतं, निदान उठायला. बसून राहिले.

"सांगितलं असतं तर ती बढतीवर पाणी सोडून घरी बसली असती," तो म्हणाला. "आता तिला कसं सांगू?"

परगावच्या मोठ्या ग्रंथालयात मुख्य ग्रंथपाल. पंधरा वर्षं वाट पाहिली होती मी. नकाराचं पत्र मीच झटक्याच्या दुसऱ्याच दिवशी धाडलं.

१५ मार्च
त्याच्याशी धड बोलले नाही. राग येतो. मग झटक्याआधीचा तो आठवडा डोळ्यांपुढे येतो. शर्टाच्या गुंड्या लावायला वेळ लागायचा त्याला. मी वैतागून म्हणाले होते, "लक्ष कुठंय तुझं?" माझं कुठं होतं? परगावी न्यायच्या सामानाच्या यादीत. माझ्या तर मेंदूला काही झालेलं नव्हतं.

१७ मार्च
ताईचा फोन. भांड हवं तर, म्हणाली, पण ऐकलंस हे त्याला सांगून टाक. कोणत्या तोंडानं सांगू? त्याच्या आजाराआड दडून ऐकलं मी.

१८ मार्च
नाही जमलं.

१९ मार्च
सांगितलं. "त्या दिवशी मी इथंच बसले होते. सगळं ऐकलं." त्यानं मान वळवली — हळूहळू, पार माझ्यापर्यंत. म्हणाला, "माहीत आहे. दिसली होतीस. तुझ्याकडे बघून सांगायचा धीर होत नव्हता."