कॅमेरा बंद होणार नाही

३ नोव्हेंबर, मंगळवार
गाडीला ओरखडा. डाव्या दारावर, वीतभर. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीला! काम तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरचं, त्या दातवाल्याचंच. त्याची गाडी आमच्या शेजारी लागते आणि माणूस फोन कानाला लावून रिव्हर्स घेतो. विचारायला गेले तर म्हणाला, काकू, मी नाही हो, आणि लगेच ह्यांच्या तब्येतीची चौकशी. गुन्हेगार नेहमी विषय बदलतात. चौतीस वर्षं परीक्षेला सुपरव्हिजन केलंय मी.
डॅशकॅम बसवणार.

५ नोव्हेंबर, गुरुवार
कॅमेरा बसला. गाडी उभी असतानाही चोवीस तास रेकॉर्डिंग. पार्किंग मोड म्हणतात त्याला. इलेक्ट्रिशियनने मध्ये एक डबी जोडली होती. बॅटरी बारा पॉइंट चार व्होल्टच्या खाली उतरली की कॅमेरा आपोआप बंद. म्हणजे पहारेकरी झोपणार, मी म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, नाहीतर एक दिवस गाडी सुरू होणार नाही. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, लक्ष हटलं की शिस्त गेली. डबी काढायला लावली. तोंड वाकडं करून काढली.
हे सोफ्यावरून म्हणाले, राहू दे ती डबी. ह्यांची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये गेली. बॅटरीचं नाव निघालं की ह्यांना बोलावंसं वाटतं. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस असलेल्या माणसाने नसता ताप करून घेऊ नये. ते मी बघते. सगळं मीच बघते.

८ नोव्हेंबर, रविवार
गाडीत बसून फुटेज तपासलं. दोन तास. मांजर, चार वेळा. पेपरवाला. दातवाल्याची बायको चटई झटकताना, धूळ आमच्या बॉनेटवर. नोंद केली.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
हॉस्पिटलला निघताना गाडी दोनदा कण्हली, मग सुरू झाली. गारठ्यामुळे.
ह्यांचं मत वेगळं. बॅटरी निम्मी उतरली आहे. हॉस्पिटल दहा मिनिटांवर, तेवढ्यात ती भरत नाही, आणि उभ्या गाडीत कॅमेरा तिला खात बसतो. आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास सलग चालव, नाहीतर कॅमेऱ्याची वायर काढ. हे सगळं बोटांवर मोजून, शांतपणे. ह्यांचा शांतपणा मला सोसत नाही.
निश्चय: रोज सकाळी जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं. काम तेच, हिंडणं वाचलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार
निश्चय पाळला. तीन मिनिटं. धूर येतो म्हणून दातवाला खिडकी लावून घेताना दिसला. तेवढंच समाधान.

१७ नोव्हेंबर, मंगळवार
सेल्फ लागेना. नुसतं टिक टिक. हे बाजूला शाल पांघरून बसलेले. दातवाला आला, आपल्या बॅटरीला केबल जोडून आमची गाडी सुरू करून दिली, वर म्हणाला, कधीही हाक मारा, काकू. असली केबल डिकीत तयार ठेवणारा माणूस सरळ कसा असेल?
अर्धा तास उशीर. नर्स बोलली. मलाच.
घरी आल्यावर हे बॅटरी तपासायचा मीटर घेऊन खाली जायला निघाले. पाय सुजलेले. मीटर कपाटात टाकला, कपाटाची किल्ली माझ्याकडे.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
पहिल्या झटक्यात सुरू! ह्यांना म्हटलं, बघा. काल दिवसभर बॅटरी इलेक्ट्रिशियनकडे चार्जिंगला होती, हे खरं, पण मुळात दम होता म्हणून तर भरली. तो पुन्हा डबीचं विचारत होता. साफ नाही म्हटलं. आत्ता ढिलाई केली की तपास फुकट.

२४ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी नऊ
हॉस्पिटलच्या बाकावर.
सहापासून ह्यांना श्वास पुरेना. आडवं होता येईना. कसंबसं खाली आणून गाडीत बसवलं. किल्ली फिरवली. टिकसुद्धा नाही. दिवे नाहीत, हॉर्न नाही. मी फिरवत राहिले. किती वेळ, ते कॅमेऱ्याला माहीत असायला हवं होतं, पण तोही बंद.
हे शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, "किल्ली सोड. त्याला हाक मार."
मी म्हटलं, एकदाच, शेवटचं. तेव्हा ह्यांनी स्वतःच दार उघडलं आणि तळहाताने पत्र्यावर थापा मारायला सुरुवात केली. दातवाला तोंडात ब्रश तसाच घेऊन धावत आला. त्याच्याच गाडीतून इथे आणलं.
फुप्फुसात पाणी भरलंय. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर. पुढचं बोलले नाहीत. वर्गातल्या मुलींची अर्धवट वाक्यं मी जन्मभर पुरी करून घेतली. हे वाक्य सोडून दिलं.

२९ नोव्हेंबर, रविवार
हे काल घरी आले. नवी बॅटरी बसवली. इलेक्ट्रिशियनने डबीही लावली, मला न विचारता. ह्यांनी हॉस्पिटलमधून फोन केला होता म्हणे. मोठ्या मनाने चालवून घेतलं.
जेवताना हे म्हणाले, "मंगळवारपासून मी खालच्या डॉक्टरांबरोबर जाईन. बोललोय त्यांच्याशी."
म्हटलं, अहो, बॅटरी नवी कोरी आहे.
"बॅटरीचं नाही गं," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.
मग कशाचं? औषधांनी माणूस तुटक बोलतो.

१ डिसेंबर, मंगळवार
सातला दोघं निघाले. मीही गाडी काढली. बॅटरीसाठी. चालवायचीच तर कुठल्यातरी रस्त्याने जायलाच हवं, आणि रस्ता कुणाच्या बापाचा नाही.
सिग्नलला नेमकी त्यांच्याच मागे आले. हे पुढच्या सीटवर. दातवाला काहीतरी बोलला, ह्यांचे खांदे हलले. हसत असावेत. हॉस्पिटलच्या गेटपाशी त्याने हात धरून उतरवलं. मी हॉर्न दिला. एकदाच. नव्या बॅटरीवर तोही तपासायचा होता.
पुढे पाऊण तास एकटीच चालवली. घरी येऊन फुटेज पाहिलं, थांबवून थांबवून. हॉर्न स्वच्छ ऐकू येतो. दातवाला वळून बघतो. हे बघत नाहीत.
कपाट उघडून मीटर काढला, खाली जाऊन लावला. बारा पॉइंट सहा.
उत्तम.